फवारणीच्या आदल्या दिवशी

उद्या कपाशीवर फवारणी असेल तर आज संध्याकाळी पंप काढण्याआधी औषधाची बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. त्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण पडतात: खालच्यात रंग, वरच्यात इशारा. 1971 च्या कीटकनाशक नियमांनी हे चार रंग ठरवून दिलेत. लाल सर्वांत जहाल, त्यावर कवटी आणि हाडं असतात. मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावायला दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत औषध पोटात पुरत असेल तर लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. कातडीवाटे जाणाऱ्या विषाचं मोजमाप वेगळं. रंगावर सगळी भिस्त मात्र ठेवू नका. पॅराक्वाट या तणनाशकावर पिवळाच त्रिकोण असतो, पण ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे ना, मुदत संपलेली नाही ना, हे दुकानातच बघा आणि बॅच नंबर असलेलं पक्कं बिल घ्या. उधारीवर घेतलं तरी बिल मागा. दुकानदार म्हणाला, 'यात अजून हे एक टाका, जोर येईल,' तर लेबलवर किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ते आहे का विचारा. घरी दोन औषधं एकत्र केली की तयार होणाऱ्या मिश्रणाचा त्रिकोण कुठेच छापलेला नसतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. त्या साली कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि औषधाचे तुषार थेट तोंडावर येत होते. तुमचं पीक खांद्यापर्यंत आलं असेल तर उद्याचा बेत आधीच नीट ठरवा.

रबरी हातमोजे, गॉगल, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गमबूट काढून ठेवा. नाकावर बांधलेला रुमाल ओला झाला की विष कातडीला चिकटवून ठेवतो, तो मास्कच्या जागी चालत नाही. मजूर लावला असेल तर त्याच्यासाठीही हे सगळं तुम्हीच आणा. सगळ्यात जपायचं ते औषध मापून पाण्यात घालताना, कारण तेव्हा ते पातळ झालेलं नसतं. माप आणि काठी वेगळी ठेवा, हात घालून ढवळू नका. पंपात आज साधं पाणी भरून गळती बघा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. बदली कपडे, साबण आणि स्वच्छ पाण्याची कळशी बांधावर हवीच.

सकाळी वारा पडलेला असताना, नाश्ता करून सुरू करा, आणि वारा पाठीवर घ्या. एकट्याने जाऊ नका. घाम, लाळ, मळमळ सुरू झाली किंवा नजर अंधुक झाली तर लगेच थांबा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि 108 ला फोन करा. दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्या. उतारा कोणता द्यायचा हे डॉक्टरला त्यातल्या घटकाच्या नावावरून कळतं. लेबल फाटायच्या आत त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून घरच्यांनाही पाठवून ठेवा.