यंत्रमागाच्या शेडमधला मारेकरी : जुन्या धाटणीचा स्लॅशर चित्रपट स्वतः कसा करावा

चित्रण झाल्यावर त्यावर जुन्या फिल्मसारखे ओरखडे आणि दाणे चढवले की जुन्या धाटणीचा स्लॅशर, म्हणजे मुखवटाधारी मारेकरी एकेकाला गाठून मारतो असा भयपट, तयार होतो, अशा समजुतीने पुष्कळ तरुण कामाला लागतात. प्रत्यक्षात तो काळ पडद्यावर उभा राहतो तो प्रकाशामुळे, आवाजामुळे आणि मारेकऱ्याला किती वेळ दाखवायचे नाही या हिशेबामुळे. अमेरिकी दिग्दर्शक जॉन कारपेंटर यांनी १९७८ सालचा ‘हॅलोवीन’ हा स्लॅशर सुमारे तीन लाख डॉलरमध्ये पूर्ण केला. त्यातल्या मारेकऱ्याचा मुखवटा म्हणजे बाजारातून आणून पांढरा रंगवलेला, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा होता, आणि पाच मात्रांच्या ठेक्यातले संगीत त्यांनी स्वतःच केले. आपणही हाताशी असलेल्या वस्तूंपासूनच सुरुवात करावी.

सोलापुरात हाताशी आहे तो पूर्व भागातला यंत्रमाग कारखाना. मालकाची परवानगी घेऊन साप्ताहिक सुट्टीच्या रात्री तिथे चित्रण करावे, मात्र मागांचा आवाज आधीच एखाद्या कामाच्या दिवशी स्वतंत्रपणे मुद्रित करून ठेवावा : प्रथम एकच माग, नंतर चार, नंतर संपूर्ण शेड. पाठलागाच्या प्रसंगात हीच खटखट पार्श्वसंगीत म्हणून वापरावी आणि एकेक माग बंद होत गेल्यासारखा आवाज कमी करत न्यावा. शेवटचा माग थांबल्यावर जी शांतता पसरते, तिच्यात मारेकऱ्याचे पाऊल वाजले पाहिजे. माझ्या मते अख्ख्या चित्रपटाची भीती या एका जागेवर उभी राहते, म्हणून संकलनाचा निम्मा वेळ तिथेच घालवावा.

मुखवट्यासाठी जुनी, धुऊन विटलेली सोलापुरी चादर घ्यावी. नक्षीतला एखादा मोर नेमका कपाळावर येईल असा तुकडा कापावा, डोळ्यांच्या भोकांच्या कडा शिवून घ्याव्यात आणि यंत्रांमध्ये वावरणाऱ्या नटाला पायाखालचे दिसते ना, श्वास मोकळा येतो ना, हे तालमीतच पाहावे. हत्यार रबराचे किंवा फोमचेच असावे. जवळच्या दृश्यासाठीसुद्धा धारदार कोयता हातात देऊ नये.

रक्तासाठी बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल रंग, थोडी कोको पावडर आणि निळ्या रंगाचा एखादाच थेंब पुरतो. माझे पहिले मिश्रण घरात उत्तम दिसले, पण पिवळ्या बल्बखाली ते सरबतासारखे नारिंगी झाले. तेव्हापासून ज्या प्रकाशात चित्रण होणार, त्याच प्रकाशात ते तपासून घेतो. हा रंग कपड्यांवरून सहजासहजी जात नाही, शिवाय ग्लुकोजला मुंग्या लागतात.

मोबाइलवर चित्रण करताना सेकंदाला २४ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवावा, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटची लुकलुक दिसत नाही. मागून निळा प्रकाश आणि बाजूने एक पिवळा दिवा एवढे पुरे. शेडमध्ये सुताचा तूस सर्वत्र साचलेला असतो आणि तो क्षणात पेट घेतो, म्हणून तिथे धूप, मशाल किंवा तापणारे हॅलोजन दिवे मुळीच नेऊ नयेत. एलईडीवर रंगीत जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा पारदर्शक रंगीत कागद, लावावे. आपण फिल्मची नक्कल करतो आहोत की व्हिडिओ कॅसेटची, हेही आधीच ठरवावे, कारण फिल्मचे दाणे आणि कॅसेटच्या आडव्या रेघा एकाच चौकटीत आल्या की जाणत्या प्रेक्षकाचा विश्वास उडतो.

चित्रण डिसेंबरात उरकावे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये मेकअप टिकत नाही, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरात रात्री ध्वनिमुद्रणाजोगी शांतता मिळणे कठीण होते. चित्रणाच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवावे आणि शेजारच्या घरांत स्वतः जाऊन सांगावे, कारण मध्यरात्रीची किंकाळी ऐकून धावत येणाऱ्या माणसाला ती खरीच वाटणार.