आधी ट्रंक उघडायला सांगा

एखाद्या माजी सैनिकाच्या घरी हलाखी आहे असं कळलं की लोक शाल-नारळ घेऊन जातात, कोणी पाचशे-हजार हातात ठेवतं. भावना चांगलीच आहे. पण खरी मदत करायची तर आधी त्या घरची ट्रंक उघडायला सांगा. मी मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार क्लार्क होतो. निवृत्तीनंतर शिरोळ तालुक्यात हेच काम करतोय.

ट्रंकेत डिस्चार्ज बुक शोधा, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. नोकरी किती वर्षं झाली, ते पहिल्यांदा बघा. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात. त्याआधी घरी आलेल्यांच्याच घरात जास्त ओढाताण असते. हुद्दा हवालदार किंवा खालचा, पेन्शन नाही आणि वय ६५ च्या पुढे, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. आधी ४,००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाली. ही भीक नव्हे. ७ डिसेंबरला आपण छातीला झेंडा लावून डब्यात पैसे टाकतो, तो ध्वजदिन निधी यासाठीच असतो.

मग बायकोचं नाव बघा. घोडं इथंच अडतं. शेजारगावच्या एका काकींनी युरियाच्या पिशवीत गुंडाळलेलं बुक माझ्यापुढं ठेवलं. त्यात नाव आनंदी, आधारवर शालन. लग्नात नाव बदललेलं, यजमानांनी पलटणीत माहेरचंच लिहिलेलं. "मग मी त्यांची कोण रं?" एवढंच त्या म्हणाल्या. प्रतिज्ञापत्र केलं, ग्रामपंचायतीचा दाखला जोडला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं. सात महिने लागले, पण नाव लागलं. तुमच्या घरी कोणी फौजी हयात असेल तर हे आजच तपासा, त्याच्या सहीनं काम सोपं होतं.

हवालदारापर्यंतच्यांना मुलांच्या शिक्षणाला आणि दोन मुलींच्या लग्नालाही मदत आहे. लग्नाचा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांच्या आत करायचा. कितीतरी बापांचे पैसे निव्वळ तारीख चुकल्यानं गेलेत.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, एजंट लागत नाही. कोल्हापूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मूळ कागद दाखवायला जाताना म्हातारीला एकटी पाठवू नका. एसटीत शेजारी बसा, झेरॉक्सचे पैसे तुम्ही द्या. आणि ओटीपी ज्याच्या मोबाईलवर येतो त्या नातवालाही बरोबर घ्या.