सौम्य सर्दीत लिंबू-संत्र्याचा रस कसा घ्यावा

सर्दीला कारणीभूत ठरणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. त्यांपैकी ऱ्हायनोव्हायरस सर्वाधिक आढळतात, आणि यांतल्या एकालाही लिंबाचा रस मारत नाही. सौम्य सर्दी बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप ओसरते. तोपर्यंत घशाला आराम मिळावा, नाक थोडे मोकळे वाटावे आणि अन्नावरची वासना उडालेली असतानाही पोटात पुरेसे पाणी जात राहावे, एवढ्यासाठीच हा रस घ्यायचा असतो. हा मर्यादित हेतू ध्यानात ठेवला, तर पुढच्या कृतीत काय महत्त्वाचे आहे आणि कशाचा बाऊ करू नये हे सहज कळते.

फळ निवडणे. घसा फारसा दुखत नसेल तर लिंबू घ्यावे. गिळताना टोचत असेल तर गोड संत्रे किंवा मोसंबी घ्यावी. बाटलीबंद साखर घातलेली पेये या कामाची नाहीत.

रस काढणे. फळ धुऊन आडवे कापावे, बिया काढाव्यात आणि हलक्या हाताने पिळावे. शेवटचा थेंब मिळवण्यासाठी साल दाबत राहिल्यास तिचा कडवटपणा रसात उतरतो. संत्र्या-मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने आपोआपच कडू होऊ लागतो, म्हणून लागेल तेव्हा लागेल तेवढाच काढावा. तो तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. काच किंवा चिनी माती उत्तम.

पाण्यात मिसळणे. बहुतेक बिघाड याच पायरीवर होतो, आणि सर्वाधिक चुकीचे सल्लेही याच पायरीबद्दल दिले जातात. एक पक्ष रस पाण्याबरोबर खळखळून उकळायला सांगतो. दुसरा पक्ष उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते म्हणून पाणी जेमतेम कोमट असावे असा आग्रह धरतो. मला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

उकळलेला रस चवीला उग्र होतो, त्याचा ताजा सुवास उडून जातो आणि दुखऱ्या घशाला तो नकोसा वाटतो. जीवनसत्त्वाचा मुद्दाही अगदीच निराधार नाही. ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये संत्री-लिंबांनी स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, बरा होतो हे दाखवून दिले. पुढे रस टिकावा म्हणून त्यांनीच तो दीर्घकाळ तापवून आटवण्याची पद्धत सुचवली, आणि त्या आटवलेल्या रसातला गुण बराचसा निघून गेला. परंतु तासन्‌तास आटवणे वेगळे आणि गरम पाण्यात रस घालून तो दहा मिनिटांत पिऊन टाकणे वेगळे. शिवाय अर्ध्या लिंबाच्या चमचाभर रसात हे जीवनसत्त्व असते जेमतेम ६ ते ७ मिलिग्रॅम, तर एका मध्यम संत्र्यात सुमारे ७०. तेवढ्या ६ मिलिग्रॅमच्या रक्षणासाठी पेयाची ऊब गमावणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे, कारण आराम प्रामुख्याने उबेनेच मिळतो. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये एकच फळपेय सर्दी झालेल्या लोकांना गरम आणि साध्या तापमानाला देऊन पाहिले, तेव्हा घसादुखी, थंडी वाजणे आणि थकवा यांत आराम गरम पेयानेच वाटल्याचे आढळले.

म्हणून पाणी गरम हवे, पण पोळणारे नको. ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेये नित्य पिणे अन्ननलिकेसाठी घातक ठरू शकते, आणि सुजलेल्या घशाला तर त्याहून कमी उष्णताही झोंबते. तापमापक लागत नाही. कपात अर्धा भाग उकळते आणि अर्धा भाग साधे पाणी घालावे; मिश्रण साधारण ६० अंशांवर येते, त्यातली थोडी उष्णता कप शोषून घेतो आणि रस घातल्यावर ते पिण्याजोगे होते. रस नेहमी शेवटी घालावा. २५० मिलिलिटर पाण्याला अर्ध्या लिंबाचा, म्हणजे १५ मिलिलिटर रस पुरे. जास्त रस म्हणजे जास्त गुण ही समजूत सोडून द्यावी. दोन लिंबे पिळलेला कप घोटभर घेऊन ठेवून दिला जातो आणि पाणी पोटात जायचे राहूनच जाते. संत्र्याच्या रसात त्याच्याइतकेच गरम पाणी घालावे. हवा असल्यास चमचाभर मध घालावा, त्याने खोकला थोडा शमतो. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध कदापि देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो.

पिणे. दिवसातून तीन कप पुरेत. बाकी तहान साध्या पाण्याने भागवावी. लिंबूपाण्याची बाटली जवळ ठेवून दिवसभर घोट घेत राहण्याचा सल्ला मला विशेष खटकतो. पाणी मिसळल्याने चव सौम्य होते, पण आम्लता दातांना निर्धोक होण्याइतकी उतरत नाही. आम्लतेचा सामू (pH; हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दातांचे आवरण विरघळू लागते, आणि लिंबूपाणी त्याच्या बरेच खाली असते. त्यामुळे कप एका बैठकीत संपवावा, साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास दात घासू नयेत. रिकाम्या पोटी छातीत जळजळ होत असेल तर काहीतरी खाल्ल्यावरच घ्यावा.

लिंबाचे थेंब नाकात टाकण्याचा सल्लाही कोणी देते. नाकाच्या आतील त्वचा आधीच सुजलेली असते, तीवर आम्ल टाकणे हा उपचार नसून इजा आहे.

औषधे चालू असतील तर. संत्र्याच्याच कुळातल्या ग्रेपफ्रूट या फळाचा रस कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन आणि रक्तदाबावरील फेलोडिपिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढवू शकतो; अशी औषधे घेणाऱ्यांनी तो टाळावा. उलट वाहत्या नाकासाठी घेतली जाणारी फेक्सोफेनाडिन ही ॲलर्जीची गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाही, म्हणून ती साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. मधुमेह असणाऱ्यांनी मध आणि गोड रस यांचा हिशेब आपल्या आहारात धरावा.

‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांची भर घालण्याचे कारण मला दिसत नाही. त्या आधीपासून नियमित घेणाऱ्या प्रौढांत सर्दीचा कालावधी सरासरी ८ टक्क्यांनी, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्ध्या दिवसाने, कमी झाल्याचे दिसले आहे. सर्दी सुरू झाल्यावर घेणे सुरू केल्यास असा फायदा सातत्याने दिसलेला नाही.

कधी थांबावे. श्वास लागणे, छातीत दुखणे, कान ठणकणे, तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप, बरे वाटू लागल्यावर पुन्हा उलटलेला ताप किंवा दहा दिवसांनंतरही न हटणारी लक्षणे यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांकडे जावे. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.