दुःखाच्या काळात पवित्र शास्त्र कसे वाचावे

मनावर दुःखाचे किंवा चिंतेचे ओझे असताना पवित्र शास्त्र, म्हणजेच बायबल, उघडणारा माणूस बहुधा धीर देणारे एखादे वचन शोधत असतो. ते सापडते, पण पुष्कळदा मनाला भिडत नाही, आणि मग आपल्या विश्वासातच काही उणे आहे की काय, अशी शंका त्याला छळू लागते. माझ्या मते चूक वाचनाच्या क्रमात असते. शास्त्र दुःखी माणसाला आधी रडायला शब्द देते आणि त्यानंतर त्याचे डोळे पुसते. हा क्रम उलटा केला, तर सर्वांत गोड वचनही परके वाटते.

म्हणून सुरुवात विलापाच्या स्तोत्रांपासून करावी. स्तोत्रसंहिता या शास्त्रातील प्रार्थनागीतांच्या ग्रंथात १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे तक्रारीची, आक्रोशाची व प्रश्नांची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत स्तोत्रकर्ता देवाला ‘कोठवर?’ असे चार वेळा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. त्याच्या शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात जसेच्या तसे राखले गेले आहे. वधस्तंभावर प्रभू येशूने ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असा जो आकांत केला, तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. प्रत्यक्ष ख्रिस्ताने आपल्या वेदनेसाठी शास्त्रातील विलापाचे शब्द घेतले, तेव्हा आपण ते घेताना संकोच करण्याचे कारण नाही.

या स्तोत्रांपैकी एक निवडावे आणि ते मोठ्याने वाचावे. मोठ्याने वाचण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाला धन्य म्हटले आहे. तेथील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ओठांतल्या ओठांत पुटपुटणे असाही होतो, आणि यशयाच्या ग्रंथात तोच शब्द पारव्याच्या घुमण्यासाठी आला आहे. मनन हे केवळ डोक्यात चालणारे काम नाही. त्यात ओठ, श्वास आणि आवाजही असतो. विचार सैरभैर झालेले असताना नुसते डोळे ओळींवरून सरकत राहतात आणि पान संपल्यावर काहीच हाती लागत नाही. आवाज मात्र मनाला एका शब्दाजवळ थांबवून धरतो.

बाराव्या शतकातील कार्थूसियन या ख्रिस्ती मठसंघाचा संन्यासी दुसरा गिगो याने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. व्यवहारात त्या अशा उतरवता येतात. पाच-सहा ओव्यांपेक्षा मोठा उतारा घेऊ नये. तो एकदा सरळ वाचून काढावा. दुसऱ्यांदा सावकाश वाचताना जो शब्द मनाला टोचेल किंवा कुरवाळील तेथे थांबावे, आणि तो का लागला हे स्वतःला विचारावे. मग त्याच शब्दाने देवाशी बोलावे, आपले दुःख, भीती किंवा राग नाव घेऊन सांगावा. बेचाळीस व त्रेचाळीस या स्तोत्रांत ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हा प्रश्न तीन वेळा येतो. पहिल्या वेळी उत्तर दिले तरी खिन्नता जात नाही, म्हणून स्तोत्रकर्ता पुन्हा विचारतो. आपणही तेच वचन दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा घेण्यास हरकत नाही. शेवटी काही न बोलता नुसते बसावे. शब्दच सुचत नसतील, तर पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील आश्वासन आठवावे.

यानंतर सांत्वनाची वचने घ्यावीत, पण त्यांच्या संदर्भासह. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ हे यिर्मयाचे वचन फार प्रिय आहे. मात्र ते बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातील आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षे वाट पाहावी लागेल असे सांगितले आहे. हे ठाऊक झाल्याने वचन लहान होत नाही. उलट, लगेच सुटका न झालेल्या माणसालाही ते आपले वाटू लागते. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असे फिलिप्पैकरांना लिहिणारा प्रेषित पौल स्वतः बंधनात होता. देवाची शांती तुमची अंतःकरणे ‘राखील’ असे तो म्हणतो, आणि तेथील मूळ ग्रीक शब्द सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे. म्हणजे भय दाराशी उभे असतानाही आत राखण करणारी ही शांती आहे.

रात्री झोप लागत नसेल, तर दिवसाच एक छोटे वचन पाठ करून ठेवावे. चौथ्या स्तोत्राची शेवटची ओवी यासाठी उत्तम आहे. स्वस्थपणे पडून झोपी जाण्याचे बळ परमेश्वर देतो, असे ती सांगते.

देहाकडे दुर्लक्ष करून मात्र यांतले काहीही करू नये. एलीया संदेष्टा रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले; देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर, होरेब डोंगरावर. जगणे नकोसे वाटत असेल किंवा खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरकडे जावे आणि विश्वासू माणसाला सांगावे. तसे करणे अविश्वासाचे लक्षण आहे असे जो म्हणतो, त्याने एलीयाची गोष्ट नीट वाचलेली नाही.

दुसऱ्याचे सांत्वन करताना तर अधिकच जपावे लागते. खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीच्या दिवशी त्याचे वस्त्र काढून घेणे होय, असे नीतिसूत्रे सांगतात, आणि घाईने फेकलेले वचनही तसेच लागते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवर त्यांनी काही चुकीचे केले नव्हते. चुका त्यांनी तोंड उघडल्यावर केल्या. म्हणून आधी जवळ बसावे. दुःखी माणसाने स्वतः वाचायला सांगितले, तर तेविसावे स्तोत्र वाचावे. त्याच्या पहिल्या तीन ओव्यांत स्तोत्रकर्ता देवाविषयी ‘तो’ असे बोलतो, पण चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी येताच ‘तू माझ्याबरोबर आहेस’ असे थेट त्यालाच म्हणतो. त्या ‘तू’पाशी आवाज थोडा हळू करावा आणि पुढची ओवी वाचण्यापूर्वी क्षणभर थांबावे.