खाऱ्या पाण्याच्या टाकीत लाइव्ह सँड वापरताय? या चुका टाळा

लाइव्ह सँडच्या पिशवीत अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची) ओली वाळू असते आणि तिच्या कणांना चिकटलेले जिवाणू. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणं हे त्या जिवाणूंचं काम. जास्तीचे पैसे आपण मोजतो ते त्यांच्यासाठी. नुसती वाळूच हवी असेल तर कोरडी अ‍ॅरागोनाइट बरीच स्वस्त पडते. त्यामुळे हे जिवाणू टाकीत पोचेपर्यंत आणि पोचल्यावर जगले पाहिजेत, एवढं एक सांभाळलं की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

उन्हाळ्यात मागवणं

आपल्या नाशिकला समुद्र नाही. माल एकतर मुंबईहून कसारा घाट चढून येतो, नाहीतर कुरिअरने. एप्रिल-मेमध्ये शहरात पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान त्याहून बरंच वर जातं. दोन दिवस त्या गाडीत पडलेल्या पिशवीत फारसं काही जिवंत उरत नाही. खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पिशवीवरची तारीख बघा. फोडल्यावर किंचित समुद्रासारखा, मातकट वास आला तर हरकत नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आतले जीव मेलेत आणि ते पाणी टाकीत गेलं की अमोनिया चढणार. अशी वाळू फेकायची गरज नाही: पाणी नितळ निघेपर्यंत धुवा आणि साधी कोरडी वाळू म्हणून वापरा.

नदीची किंवा किनाऱ्यावरची वाळू

गोदावरीची वाळू फुकट मिळते, पण ती बेसॉल्टच्या कणांची असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून फिरवून बघा, काळे कण चिकटून वर येतात. हेच कण पुढे वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) चुंबकाला चिकटतात आणि काच पुसायच्या मॅग्नेटमध्ये अडकून काचेवर ओरखडे पाडतात. अ‍ॅरागोनाइटची ओळख सोपी आहे, चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. किनाऱ्यावरच्या वाळूत सांडपाणी, तेल काय काय मुरलेलं असतं ते डोळ्यांना दिसत नाही. तिथून प्रवाळाचे तुकडे तर मुळीच उचलू नका, दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे.

दाणा आणि जाडी

दाणा १ ते २ मिलिमीटरचा घ्या. साखरेहून बारीक वाळू दिसते सुंदर, पण वेव्हमेकरच्या झोतात उडून कोपऱ्यात साचते आणि दुसरीकडे तळाची काच उघडी पडते. भरड कोरलच्या तुकड्यांमध्ये खाद्य आणि घाण अडकून नायट्रेट वाढतं.

जाडी ३ ते ४ सेंटिमीटर पुरते. नायट्रेट कमी करण्यासाठी १० ते १५ सेंटिमीटरचा खोल थर देणारेही आहेत, पण ती वेगळी पद्धत आहे, तिथे बारीक वाळू लागते आणि तो थर कधी ढवळायचा नसतो. ६-७ सेंटिमीटरचा मधलाच थर टाळा: साफ करायला खोल आणि नायट्रेट संपवायला उथळ.

हिशोब असा करा. टाकीची लांबी × रुंदी × थराची जाडी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. आले तितके लिटर. त्याला दीडने गुणलं की साधारण किलो मिळतात. ९० बाय ४५ च्या टाकीत ३ सेंटिमीटरला १२ लिटर, म्हणजे १८ किलो, ९ किलोच्या दोन पिशव्या.

नळाचं पाणी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गंगापूर धरणातून घरी येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतं. लाइव्ह सँड त्या पाण्याने धुतली की ज्यांच्यासाठी पैसे मोजले ते जीव मोरीतच संपले. पिशवीतली लाइव्ह सँड धुवायचीच नसते. धुवायची ती कोरडी वाळू, आणि तिलाही शेवटचा हात आरओच्या पाण्याचा.

दुसरी चूक म्हणजे गोडं पाणी भरून टाकीतच मीठ ओतणं. गोड्या पाण्यात समुद्री जीव तग धरत नाहीत, शिवाय न विरघळलेलं मीठ वाळूवर बसतं. मीठ वेगळ्या ड्रममध्ये, लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून रात्रभर फिरवा. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) ३५ पीपीटी (हजार भागांत ३५, घनता १.०२६) आणि तापमान २५-२६ अंश झालं की मगच वाळूवर घाला.

स्वयंपाकघरातल्या आरओवर विसंबू नका. चव राहावी म्हणून त्यातले बरेच टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलरने थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. टीडीएस मीटरवर ४०-५० दिसलं तर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारं) जोडून शून्यावर आणा. बोअरचं पाणी बेसॉल्टमधून झिरपलेलं, त्यात सिलिकेट असतं आणि त्यावर वाळूवरचा तपकिरी थर पोसतो. नव्या टाकीत हा थर पहिले काही आठवडे येतोच, नंतर जातो. दोन महिन्यांनीही हटत नसेल तर आधी पाणी तपासा.

वाळू टाकण्याचा क्रम

आधी दगड थेट तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग भोवती वाळू पसरा. दगड वाळूवर ठेवले तर गोबी मासा किंवा पिस्तूल झिंगा खालून पोखरतो आणि अख्खी रास काचेवर कोसळते. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडा.

चालू टाकीत वाळू घालायची असेल तर वेव्हमेकर बंद करा, दोन इंची पीव्हीसी पाइप तळापर्यंत नेऊन वरून कपाकपाने वाळू सोडा आणि पाइप हळूहळू सरकवा. एका दिवशी तळाच्या चौथ्या भागाहून जास्त नको.

पाणी गढूळ होणारच. फिल्टरमध्ये फिल्टर वूल लावा आणि रोज बदला, एक ते तीन दिवसांत निवळतं. आठवड्याभराने अचानक दुधाळ झालं तर ती धूळ नसून पाण्यात वाढलेले जिवाणू असतात. तेव्हा हवेचा पंप लावा आणि खाद्य बंद ठेवा.

त्याच दिवशी मासे

पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत २) न्या आणि २४ तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तरच मासा आणा, तोही एकच. नाहीतर थांबा, दोन ते चार आठवडे लागू शकतात.

पुढे काय बिघडतं

वाळूचे दगडासारखे गठ्ठे झाले तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता, ती डीकेएच या एककात मोजतात) आणि मॅग्नेशियम मोजा. अल्कलिनिटी ११ डीकेएचच्या वर, मॅग्नेशियम १२५० पीपीएमच्या खाली, किंवा बफर (अल्कलिनिटी वाढवणारं द्रावण) एकाच जागी ओतला जातोय, यातलंच काहीतरी निघतं. बफर नेहमी प्रवाहात थेंबाथेंबाने घाला. अ‍ॅरागोनाइट आपोआप पीएच सांभाळते, हा समज सोडा: ८ च्या वरच्या पीएचला ती जवळपास विरघळतच नाही.

लालसर-जांभळा, बोटाने सोलता येणारा पापुद्रा म्हणजे सायनोबॅक्टेरिया. तो सायफनने ओढून घ्या, खाद्य कमी करा आणि तिथला प्रवाह वाढवा. सायफन करताना एका वेळी निम्म्याहून कमी तळ घ्या. वाळू वरखाली करायला नासारियस गोगलगायी चांगल्या. वाळू चाळणारा तारामासा लहान टाकीत काही महिन्यांत उपाशी मरतो, तो घेऊ नका.

काचेलगत दिसणारे काळे डाग जागच्या जागी असू द्या. ते उकरले तर हायड्रोजन सल्फाइड पाण्यात मिसळतो. घर बदलताना टाकी हलवायची असेल तर जुनी वाळू तशीच उचलून परत घालू नका. मासे आणि दगड आधी टाकीच्याच पाण्यात वेगळे काढा, वाळूचा वरचा सेंटिमीटरभर थर तेवढा जपा आणि खालची वाळू स्वच्छ धुवा किंवा नवी आणा.