जपानला आलात ना, मग इथे जीव कसा लागेल ते सांगते

नवीन आलेला प्रत्येक जण आधी ट्रेनचं कौतुक करतो. ट्रेन वेळेवर, रस्ते स्वच्छ, रात्री उशिरा बाई एकटी बिनधास्त घरी जाते, ट्रेनमध्ये विसरलेली छत्रीसुद्धा परत मिळते. सगळं खरंय. पण टोकियोत इतकी वर्षं बघतेय, ह्या सगळ्याची चार-सहा महिन्यांत सवय होते आणि मग काहींना कंटाळा यायला लागतो, परत जायच्या गोष्टी सुरू होतात. ज्यांना इथे खरंच जीव लागतो त्यांचं कारण वेगळं असतं, त्यांच्या गल्लीत त्यांना कोणीतरी ओळखत असतं, एक दिवस दिसले नाहीत तर कोणीतरी विचारतं. हे आपोआप होत नाही हो, थोडं मुद्दाम करावं लागतं.

घरापासून सुरुवात करा. बहुतेक मराठी लोक टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निशी-कासाईला जातात आणि त्यात काही चूक नाही, साधारण 2000 सालापासून आयटीवाले तिथे वस्ती करून आहेत, तोझाई लाइनच्या मेट्रोने थेट ओतेमाचीला, म्हणजे ऑफिसांच्या भागात, जाता येतं, डाळी-मसाले कोपऱ्यावर मिळतात. आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये ह्याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. पहिलं वर्ष तिथे जरूर काढा, पण शनिवार-रविवार सगळा आपल्याच लोकांच्या घरी जात असेल तर जपान तुम्हाला भेटणारच नाही. खाजगी घरमालक कधीकधी परदेशी भाडेकरू नको म्हणून तोंडावर सांगतात, वाईट वाटतं आणि वाटायलाच पाहिजे, अशा वेळी यूआर ह्या निमसरकारी संस्थेची भाड्याची घरं बघा, तिथे जामीनदार लागत नाही आणि रेइकिन म्हणजे परत न मिळणारे पैसेही द्यावे लागत नाहीत. घर घेताना जवळ शोतेनगाई आहे का बघा, म्हणजे छोट्या दुकानांची बाजारपेठ. टोफूवाला, भाजीवाला, फुलवाली, ही माणसं महिनाभरात तुम्हाला ओळखायला लागतात, मॉलमधला काउंटर कधीच ओळखत नाही.

राहायला गेल्यावर 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसला पत्ता नोंदवायचा असतो ते तर कंपनी सांगेलच. तिथेच दोन गोष्टी मागून घ्या, कचऱ्याचं वेळापत्रक आणि जपानी भाषेच्या व्हॉलंटियर क्लासची माहिती.

कचऱ्याला हलकं घेऊ नका, शेजाऱ्यांचं तुमच्याबद्दलचं पहिलं मत तिथेच बनतं. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या-डबे कोणत्या वारी, सगळं ठरलेलं असतं, सकाळी ठरलेल्या वेळेत ठेवायचा आणि वरून जाळी नीट ओढायची नाहीतर कावळे सगळं रस्ताभर करतात. काही गल्ल्यांत ती जागा झाडायची पाळी आळीपाळीने येते. तुमची पाळी आली की मनापासून झाडा. मला तर वाटतं इथे आपलेपणा सुरू होतो तो ह्या झाडूपासूनच.

शिफ्ट झाल्यावर आजूबाजूच्या दोन-तीन घरी आणि खालच्या मजल्यावर जाऊन नमस्कार करून या, हातात पाचशे-हजार येनची छोटी भेट, टॉवेल किंवा बिस्किटं. जपानी येत नसेल तर नाव सांगा आणि वाकून नमस्कार करा, तेवढं पुरतं. घरात लहान मूल असेल तर ते आवर्जून सांगा, म्हणजे उद्या ते रडलं तरी शेजारी समजून घेतात.

भाषेचं म्हणाल तर पुण्याहून एन३, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी, करून आलेल्यांचंही पहिले काही महिने अडखळतं, पुस्तकातली भाषा आणि भाजीवाल्याची भाषा ह्यात फरक आहे. परीक्षा जुलै आणि डिसेंबरला असते ती द्याच, पण वॉर्डातला क्लास सोडू नका. शिकवणारे बहुतेक रिटायर्ड काका-आज्जी असतात, फी नावापुरती, आणि ते भाषेबरोबर डॉक्टर कुठला चांगला, शाळेतून आलेल्या चिठ्ठीत काय लिहिलंय, सगळं सांगतात.

आणि ज्यांना अजून काहीच बोलता येत नाही त्यांनी सकाळी साडेसहाला जवळच्या पार्कात जा. राजिओ ताइसो म्हणजे रेडिओवरचा व्यायाम, 1928 मध्ये सुरू झालेला, जेमतेम दहा मिनिटांचा. एक आजोबा बाकावर छोटा रेडिओ ठेवतात, पियानो वाजायला लागतो, सगळे हात वर करतात. मागे उभं राहून पुढच्याचं बघून करायचं, काही बोलावं लागत नाही. आमच्या इथल्या एक आज्जी मला थंडीतही हातमोजे न घालता येताना बघायच्या, एके दिवशी त्यांनी खिशातून गरम पॅक काढून माझ्या हातात कोंबला आणि काही न बोलता पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून हे शहर मला माझं वाटतं.

खाण्यावरून खूप जण रडतात, विशेषतः शाकाहारी, कारण दाशीत, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्श्यात, बहुतेक वेळा मासा असतोच. बाहेर विचारून खा, कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, दाशी चालेल, पण घरी तरी तक्रार करायचं कारण नाही. सातोइमो म्हणजे आपली अळकुडी, रेनकोन म्हणजे कमळकाकडी, भेंडी तर ओकुरा नावाने सगळीकडे मिळते, आणि एकादशीला भाजलेलं रताळं सुपरमार्केटच्या दारातच गरम मिळतं. इथला तांदूळ मोकळा होत नाही म्हणून नावं ठेवू नका, दहीभाताला ह्याच्यासारखा तांदूळ नाही. गणपतीत जोशिन्कोची, म्हणजे इथल्या तांदळाच्या पिठाची, उकड काढा, छान होते, आणि मोदक शेजारी द्या. डबा रिकामा परत येत नाही बघा.

अजून एक महत्त्वाचं, घरातलं जे माणूस डिपेंडंट व्हिसावर आलंय त्याचा विचार आधी करा. ऑफिसवाल्याला ऑफिस असतं, घरी बसलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला चार भिंती, आणि कुटुंब इथे रमणार की नाही हे मुख्यतः त्या माणसावर ठरतं. परवानगी काढली तर आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं, परवानगीचा अर्ज लगेच टाका.

उन्हाळ्यात चोनाइकाईच्या, म्हणजे गल्लीच्या मंडळाच्या, बोन ओदोरीला जाच. मध्ये उंच मचाण, त्यावर ढोल, आणि भोवती भोंडल्यासारखा गोल फेर, कोणीही शिरावं. चार स्टेप्स असतात, दुसऱ्या फेरीला जमतात. नुसतं बघायला जाऊ नका, आदल्या दिवशी तंबू बांधायला माणसं कमीच असतात, तिथे जाऊन उभे राहा. तारीख गल्लीतल्या नोटीस बोर्डवर लागते, वाचता आली नाही तर फोटो काढा आणि क्लासमधल्या आज्जींना दाखवा.