समुद्राचा तळ खोक्यातून ओढताना

गेल्या वर्षी एका वाहिनीवर आठवडाभर जाहिरात चालू होती : समुद्राच्या पोटातलं रहस्य, रविवारी रात्री ८ वाजता. मी नववीच्या वर्गाला सांगितलं, बघा, आपला पुढचा धडा तोच आहे. मीही वही-पेन घेऊन बसले. कार्यक्रम २५ मिनिटं उशिरा सुरू झाला. मग पडदाभर लाल भेग, तिच्यात कोसळणारं पाणी, ढोल, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘कोकण बुडणार?’ तेच दृश्य प्रत्येक जाहिरातीनंतर पुन्हा. समुद्रतळ पसरतो म्हणजे नक्की काय होतं, याचं एक धड वाक्य तासाभरात आलं नाही.

सोमवारी पहिल्याच तासाला एका मुलाने विचारलं, “बाई, पप्पांची बोट त्या भेगेत जाईल का?” आमची शाळा दापोली तालुक्यात, किनाऱ्यावर आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कोणी ना कोणी मासेमारीला जातं. त्या मुलाला रात्री झोप लागली नव्हती, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. मला फार राग आला. मुलांना घाबरवायला तासभर मिळतो आणि समजवायला दोन मिनिटं मिळत नाहीत, हे मला अजूनही पटत नाही.

समुद्रतळ कसा पसरतो हे दाखवायला त्या आठवड्यात केलेला प्रयोग आता मी दरवर्षी करणार आहे. ज्यांना आपल्या वर्गात करायचा असेल त्यांच्यासाठी सगळं नीट लिहिते. खर्च पन्नास रुपयांच्या आत, वेळ जोडून आलेले दोन तास.

आधी भीती काढा. फळ्यावर भारताचा पश्चिम किनारा काढा आणि अरबी समुद्रात, खाली नैर्ऋत्येला, कार्ल्सबर्ग पर्वतरांग दाखवा. आपल्या किनाऱ्यापासून ती दीड हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि तिचा माथासुद्धा पाण्याखाली दोन-अडीच किलोमीटर आहे. तिथे तळ दोन्ही बाजूंना सरकतो. दोन्ही बाजू मिळून वर्षाला साधारण अडीच सेंटीमीटर. म्हणजे नखं वाढतात त्याहून थोडं सावकाश. भेग उघडते तशी खालून आलेल्या लाव्ह्याने भरून निघते, तिथे पाणी पडायला पोकळी राहतच नाही. हे सांगितल्यावर त्या मुलाने बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, “वर्षाला एवढंच?” त्याने अंगठा आणि तर्जनीमध्ये दाखवलेलं अंतर अगदी बरोबर होतं.

टीव्हीमुळे आणखी एक समज पक्का झालेला असतो : जमिनीखाली सगळा उकळता लाव्हा आहे. पण प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, हा घन खडक आहे. तो घन राहूनच लाखो वर्षांत हळूहळू वाहतो. पर्वतरांगेखाली तो वर येतो तेव्हा त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि म्हणून त्याचा थोडा भाग वितळतो. यावर घाई करू नका. माझी दहा मिनिटं यातच गेली आणि ती सार्थकी लागली.

आता मेण. बरणीचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण घ्या, त्यात मेणबत्तीचे तुकडे घालून गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवा. हे काम तुम्हीच करा, मुलांना करू देऊ नका. मेण पातळ झालं की झाकण लाकडी पाटावर ठेवलेल्या पट्टीचुंबकावर ठेवा आणि वरून चिमूटभर लोखंडाचा कीस भुरभुरवा. किसाचे कण लगेच रेषांमध्ये उभे राहतात. मेण गोठेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पाच-सात मिनिटांनी चुंबक काढून घ्या. कण तसेच राहतात, मेणात अडकलेले, नसलेल्या चुंबकाकडे तोंड करून. वर्ग इतका शांत मी क्वचितच पाहिला आहे. एक खुलासा मात्र करा : खऱ्या लाव्ह्यात कण असे उठून वळत नाहीत. खडक थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटसारख्या खनिजांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतं. मॅग्नेटाइटच्या बाबतीत हे सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली घडतं.

आणि ही दिशा अनेकदा उलटलेली आहे. उत्तरेची दक्षिण, दक्षिणेची उत्तर. शेवटची पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली.

आता खोका. बुटांच्या खोक्याचं झाकण काढून टाका, खोका पालथा घाला. तळाच्या मधोमध आडवी ११ सेंटीमीटरची फट कापा. फट दोन-तीन मिलिमीटर रुंद ठेवा, नाहीतर कागद अडकतो. ड्रॉइंग पेपरच्या १० सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा. प्रत्येकीच्या एका टोकाला ८ सेंटीमीटर जागा सोडून तिथे ‘जुना तळ’ लिहा. तिथून पुढे दर सेंटीमीटरला पेन्सिलीची फिकट रेघ मारा आणि आकडे उलटे घाला : ३६, ३५, ३४ असे ० पर्यंत. एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख वर्षं. खऱ्या समुद्रात तेवढ्या काळात एका बाजूला साधारण सव्वा किलोमीटर तळ तयार होतो.

दोन्ही पट्ट्या लिहिलेल्या बाजू समोरासमोर ठेवून खालून फटीत घाला. ‘जुना तळ’ वर काढून एक डावीकडे, एक उजवीकडे दुमडा. पहिल्या वेळी मी खोका सरळ टेबलावर ठेवला, तर आतल्या पट्ट्या चुरगळल्या आणि ओढता ओढता एक फाटली. त्यावर उपाय असा, की दोन बाकांमध्ये वितभर फट ठेवून खोका त्यावर ठेवायचा. पट्ट्या खाली मोकळ्या लोंबतात. स्केचपेनही तेव्हाच बाद केलं, कारण ओली शाई फटीच्या कडेला लागून सगळीकडे फासली. रंगीत पेन्सिलीच वापरा.

एका गटात पाच मुलं. दोघं ओढणारी, दोघं रंगवणारी आणि एक काळ पुकारणारा. पुकारणाऱ्याच्या हातात हा कागद : ३६ पासून २५.८ पर्यंत सुलट, १९.५ पर्यंत उलट, १७.८ पर्यंत सुलट, १०.७ पर्यंत उलट, ९.९ पर्यंत सुलट, ७.८ पर्यंत उलट. मग आजपर्यंत सुलट. सगळे आकडे लाख वर्षांपूर्वीचे आहेत. सुलट म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा आजच्यासारखी, उलट म्हणजे तिच्या विरुद्ध. ३६ आणि २५.८ च्या मधल्या दोन छोट्या पालटी मी सोडून दिल्या आहेत. सुलट काळात फटीतून वर आलेला कागद निळा रंगवायचा, उलट काळात कोरा ठेवायचा. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, एकाच वेगाने ओढायचं. भरभर ओढलं की दोन्ही बाजू जुळत नाहीत. आमच्या एका गटाची डावी पट्टी पुढे गेली तर पुकारणारी मुलगी ओरडली, “थांब, तुझा समुद्र घाईत आहे!”

शेवटी पट्ट्या पसरून बघा. फटीच्या दोन्ही बाजूंना तेच पट्टे, जणू आरशात बघितल्यासारखे. मुलांनी स्वतः बोट ठेवून दाखवेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.

मग गोष्ट सांगा. समुद्रतळ पसरतो ही कल्पना हॅरी हेस आणि रॉबर्ट डिट्झ या शास्त्रज्ञांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. त्याच्याही आधी मेरी थार्प यांनी अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढताना पर्वतरांगेच्या माथ्यावरची दरी हेरली होती. आणि १९६३ साली फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी खऱ्या समुद्रतळाच्या खडकांतले चुंबकत्वाचे पट्टे असे का असतात ते सांगितलं, तेव्हा त्यांच्यापुढे मोजमापं होती ती कार्ल्सबर्ग पर्वतरांगेची. आपल्याच अरबी समुद्रातली. हे सांगताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. हे एक वाक्य त्या कार्यक्रमात असतं तर आमच्या किनाऱ्यावरचं प्रत्येक मूल ताठ बसलं असतं.

खोक्यात एक खोट आहे, ती लपवू नका. खोक्यात कागद हात ओढतात. समुद्रात तबक, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा सरकणारा मोठा तुकडा, ओढलं जाण्याचं मोठं कारण म्हणजे त्याचं दुसरं, थंड आणि जड टोक कुठेतरी खाली बुडत असतं. बऱ्याच नमुन्यांत यासाठी खोक्याच्या कडांना आणखी दोन फटी करून कागद पुन्हा आत घालतात. अरबी समुद्रासाठी मी तसं करत नाही. आपल्या किनाऱ्याला अशी गर्ता, म्हणजे तबक खाली बुडतं तिथली खोल घळ, नाही. आपलं तबक उत्तरेला आशियावर आदळतं आणि पूर्वेकडे अंदमान-सुमात्राच्या बाजूला खाली जातं.

दुसऱ्या तासाच्या शेवटी सगळ्यांना व्हरांड्यात न्या. खडूने एक रेघ मारा, ती आजची. त्याच मापाने, म्हणजे एक सेंटीमीटरला एक लाख वर्षं, ६ मीटर ३० सेंटीमीटरवर दुसरी रेघ : सेशेल्स बेटं भारतापासून सुटली तो काळ, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी. आज ती इथून तीन हजार किलोमीटरहून दूर आहेत. पृथ्वीचा जन्म दाखवायला ४६० मीटर चालावं लागतं. आमच्याकडे ते अंतर बर्फाच्या कारखान्यापर्यंत जातं, आणि मुलं तिथपर्यंत खरोखर पावलं मोजत गेली.

टीव्हीवरचा एखादा तुकडा दाखवायचाच असेल तर खोक्यानंतर दाखवा आणि आवाज बंद ठेवा. दर दहा सेकंदांनी थांबवून विचारा : इथे काय बरोबर आहे, काय चुकलं आहे? त्या लाल भेगेच्या दृश्यात आमच्या वर्गाला चार चुका सापडल्या. मला तीनच दिसल्या होत्या.

घरी जाताना प्रत्येकाच्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावा आणि वहीत तारीख लिहायला सांगा. महिन्याने तो साधारण तीन मिलिमीटर पुढे सरकलेला असतो. मोजायला मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली पट्टी लागेल. पेटीतल्या जुन्या पट्ट्यांवर त्या बहुतेक पुसलेल्या असतात.